जावळ, जंगल थीम आणि खेट्याचा रविवार

पोराचा पहिला वाढदिवस आणि जावळ एकाच दिवशी उरकायचं ही आयडिया माझीच. आधीच कबूल करतो, कारण घरात अजून चौकशी चालू आहे. हिशोब सोपा होता, पाहुणे एकदाच येणार, हॉल एकदाच, साहेबाकडं रजा मागायची भानगड नाही कारण तारीख नेमकी रविवारी आलेली. सकाळी जोतिबावर जावळ, संध्याकाळी केक, नऊला झोप.

आईच्या हिशोबानं वाढदिवस 11 दिवस आधीच होऊन गेला होता. तिथीचं वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळं तिथी अलीकडं येते, आणि त्या दिवशी तिनं शेवयाची खीर करून नातवाला ओवाळलं पण होतं. राहिलं होतं जावळ. "पहिल्या वर्षात काढायचं न्हाईतर तिसऱ्यात. दुसऱ्यात न्हाई चालत." म्हणजे तारखेचा वाढदिवस हीच शेवटची मुदत. मग वाढदिवसाचा दिवस पहिल्या वर्षात धरायचा का दुसऱ्यात, यावर मोठे काका बोटं मोजत अर्धा तास बसले. शेवटी गुरवांना फोन लावला. ते म्हणाले, "या की तुम्ही, देव काय हजेरी घेऊन बसलाय होय?" तिथीनं दुसरं वर्ष लागून 11 दिवस झालेत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि मी पण आणून दिलं नाही.

बायकोचं वेगळंच. पोराचे केस कुरळे, दाट, कानावर आलेले. त्या केसांवरूनच तिनं जंगल थीम ठरवली होती, पोरगं सिंह, केस म्हणजे आयाळ, ड्रेस पुण्याहून मागवलेला. "आधी वाढदिवस, मग जावळ," असं ती म्हणाली. रात्री साडेनऊला डोंगरावर कोण जावळ काढतंय, असं मी म्हटलं. त्यावर ती जे गप्प झाली ते डायरेक्ट गाडीत बसल्यावर "एसी वाढवा" एवढंच बोलली.

आणि रविवार कसला, तर खेट्याचा. माघ पौर्णिमेनंतरचे हे पाच रविवार म्हणजे अख्खं कोल्हापूर अनवाणी वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगराला, निघालेलं असतं. सतरा-अठरा किलोमीटरचा रस्ता, आमच्या गाडीत एसी चालू, आणि चालत निघालेल्या एका म्हाताऱ्या मावशी केर्लीपासून चार वेळा आमच्या पुढं गेल्या. चौथ्या वेळी त्यांनी काचेतून पोराला टाटा केला.

जावळाला मामा पाहिजे. आमचा मेव्हणा इचलकरंजीहून पांढरी शुभ्र पँट घालून आला. पोराला मांडीवर घ्यायचं असतं हे त्याला माहीत होतं, मांडीवर घेतलेलं पोरगं काय काय करू शकतं याचा अभ्यास नव्हता. नंबर आला, नवीन ब्लेड लावा म्हणून मी तीनदा सांगितलं, न्हावीदादांनी तिन्ही वेळा ब्लेडचा कागद दाखवला. आमच्यात केस आत्यानं पदरात झेलायचे असतात, ती पदर पसरून बसली. पोरानं पहिला पाण्याचा हात डोक्याला लागताच असा सूर लावला की रांगेतली पुढची तीन पोरं काही कारण नसताना सुरू झाली. मेव्हणा तर पोरापेक्षा जास्त थरथरत होता. न्हावीदादा शांतपणे म्हणाले, "मामा, तुम्ही तेवढं हलू नका, पोराचं मी बघतो."

अर्धं डोकं झालं आणि पोराला भूक लागली. पंधरा मिनिटं ते अर्धा चमन अर्धा आयाळ अशा अवस्थेत आईच्या कुशीत दूध पीत होतं आणि दर्शनाला चाललेली माणसं वाट वाकडी करून बघून जात होती. मग उरलेलं डोकं, हळदीचं स्वस्तिक, मामाची पँट पिवळी (हळदीनंच, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं). आणि तेवढ्यात मागून कोणीतरी "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून मूठभर गुलाल उधळला. ओलं, नुकतं तासलेलं डोकं. रंग बसला तो बसलाच.

घरी येऊन खोबरेल तेल लावून झालं, बेसन लावून झालं. फरक एवढाच की गडद गुलाबीचा फिकट गुलाबी झाला.

दुपारी पुरणपोळी आणि कटाची आमटी. मोठ्या काकांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा ताटाकडं. "जावळाला बकरं न्हाई?" आई म्हणाली, आज जोतिबाचा वार. काका काही बोलले नाहीत पण सहा पोळ्या त्यांनी निषेध म्हणून खाल्ल्या.

आता संध्याकाळ. हॉलच्या दारात माझ्या चुलतभावानं सरप्राईज म्हणून दहा फुटी फ्लेक्स लावलेला. पोराच्या डोळ्यावर गॉगल, कुरळी आयाळ, खाली तेवीस शुभेच्छुक, त्यातले नऊ मला माहीत नाहीत. केकवर पण केसांसकटचाच फोटो. आणि आत सिंहाच्या ड्रेसमध्ये गुलाबी टकलाचा इसम, कारण आयाळीची टोपी डोक्यावर ठेवली की तो अर्ध्या सेकंदात काढून फेकत होता. एका पाहुण्यांनी "कुठला प्राणी ओ हा?" असं खरंच विचारलं. माझ्या शाळेतल्या बाईंनी केक बघून, "थोरल्याचा फोटो गोड आलाय, पण आज वाढदिवस धाकट्याचा ना?" म्हणून विचारलं. बायको तिथंच उभी होती. मी फुगे मोजायला लागलो. केक कापताना उत्सवमूर्ती आत्याच्या खांद्यावर गाढ झोपलेली, मग झोपलेल्याच हातात सुरी धरून फोटो काढले.

वाटलं संपलं. तर निघताना काकांनी चप्पल घालता घालता विषय काढला, मटण कधी? मग जिन्यातच कॅलेंडर उघडलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा अंबाबाईचा, शनिवार मारुतीचा. उरला बुधवार. बुधवारी परत तेच पाहुणे, तांबडा, पांढरा, साठ माणूस, वर मला रजा टाकावी लागली ती वेगळीच. साहेबांनी कारण विचारल्यावर "मुलाचं जावळ" म्हटलं तर म्हणाले, ते रविवारी झालं ना, स्टेटस बघितला की तुमचा.

महिना झाला. डोक्यावर आता बारीक लव आलीय, सरळ. कुरळे परत येणार का यावर बायको दर दोन दिवसांनी माझ्याकडं बघते. फ्लेक्स शेजारच्या काकींनी मागून नेला, गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालायला. काल पोराला कडेवर घेऊन वर गेलो तर बरोबर आयाळीवर ओळीनं पापड मांडलेले. त्यानं बोट दाखवलं आणि ओरडलं, "भू भू!"