हँक ॲरन यांचा मृत्यू लशीमुळे झाला नाही

अमेरिकी बेसबॉलमधील थोर कृष्णवर्णीय फलंदाज हँक ॲरन २२ जानेवारी २०२१ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी, झोपेतच वारले. त्याआधी ५ जानेवारीला त्यांनी अटलांटात कोविडची लस जाहीरपणे घेतली होती. तेवढ्यावरून एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरू लागला की लशीनेच त्यांचा जीव घेतला, खरे कारण दडपले गेले आणि कृष्णवर्णीयांना भुलवण्यासाठी त्यांना पुढे करण्यात आले.

पहिल्या आरोपाचा सारा आधार १७ दिवसांचे अंतर हा आहे. लशीची तीव्र ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत दिसते, म्हणूनच टोचल्यावर थांबवून ठेवतात. शिवाय त्या वयाच्या शंभर अमेरिकी पुरुषांपैकी दहाएक जण एरवीही वर्षभरात दगावतात. लस आधी वृद्धांनाच दिली गेल्यामुळे काही मृत्यू तिच्या पाठोपाठ येणे अटळ होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, इतकाच याचा अर्थ.

दडपादडपीचा आरोप तर टिकतच नाही. अटलांटा ज्या जिल्ह्यात येते त्या फुल्टन काउंटीच्या वैद्यकीय तपासनीस कार्यालयाने मृतदेहाची पाहणी करून मृत्यू नैसर्गिक असल्याचे आणि ॲलर्जीचे कोणतेही लक्षण नसल्याचे उघडपणे सांगितले होते.

तिसरा आरोप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो, कारण तो ॲरन यांना भोळसट ठरवतो. १९३४ साली अलाबामात जन्मलेल्या या माणसाला सरकारी वैद्यकाविषयीचा अविश्वास कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्याच राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश (सिफिलिस) झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टरांनी मुद्दाम उपचाराविना ठेवले होते. ही जखम ठाऊक असल्यामुळेच आपल्या समाजाची भीती कमी व्हावी म्हणून ते कृष्णवर्णीयांच्या मोरहाउस वैद्यकीय महाविद्यालयात सर्वांसमक्ष दंड पुढे करून बसले. गोष्ट छोटी असली तरी तिचा असंख्य लोकांना उपयोग होईल आणि आपल्याला तिचा अभिमान वाटतो, असे ते तेव्हा म्हणाले होते.

दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान डोलावण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता. बेब रूथ या गोऱ्या खेळाडूचा ७१४ होम रनचा (बहुधा चेंडू मैदानापार टोलवून एकाच फटक्यावर पूर्ण फेरी मारून मिळवलेली धाव) विक्रम ते गाठू लागले, तेव्हा १९७३ या एका वर्षात त्यांना सुमारे ९,३०,००० पत्रे आली. त्यांत वर्णद्वेषी शिव्या आणि ठार मारण्याच्या धमक्या असलेली पत्रे इतकी होती की पोलीस अंगरक्षक सोबत ठेवावा लागला. तरी ते खेळत राहिले. ८ एप्रिल १९७४ रोजी ७१५वा होम रन मारून ते धावत असताना दोन अनोळखी तरुण मैदानात घुसून त्यांच्या पाठीवर थापा मारू लागले. त्यांचा हेतू काय, हे त्या क्षणी कोणालाच माहीत नव्हते. ॲरन थांबले नाहीत. फेरी जिथे संपते त्या होम प्लेटपाशी आईने त्यांना घट्ट मिठी मारली. पुढे ७५५ होम रनवर कारकीर्द संपल्यानंतरही ती द्वेषाची पत्रे त्यांनी फेकून न देता जपून ठेवली होती.