मध, तूप, शेण आणि "इंजेक्शन नको" वाला मेसेज: कृपया पुढे पाठवू नका

फॅमिली ग्रुपांवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: जखमेवर मध लावा, भाजलं तर तूप, खरचटलं तर गाईचं शेण, कुत्र्याने जखम चाटली तर उत्तमच कारण लाळेत औषध असतं, सगळं नैसर्गिक म्हणून साइड इफेक्ट नाही, धनुर्वाताचं इंजेक्शनही नको.

आधी मध, कारण त्यात खरंच दम आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपवलं जातंय. मधात पाणी फार कमी, साखर प्रचंड, त्यामुळे जंतूंमधलं पाणी ओढलं जातं, शिवाय तो आम्ल असतो आणि त्यातल्या एका एन्झाइममुळे हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू तयार होत राहतं. आपल्या सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ पेशंटवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन या भाजल्यावर लावायच्या नेहमीच्या मलमाची तुलना केली, १९९१ मध्ये ते ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत छापून आलं आणि मध सरस ठरला. अभिमान वाटावा असंच काम आहे ते. पण ते पेशंट वरवरचं भाजलेले होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते आणि मध पोळ्यातला शुद्ध होता. दुकानातला मध बऱ्याचदा तापवलेला असतो, त्यात ते एन्झाइम कमी होतं, आणि २०२० मध्ये सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेने भेसळीसाठी १३ ब्रँड तपासले तेव्हा सगळ्या टेस्ट फक्त ३ पास झाले! मधात बोटुलिझम या लकवा आणणाऱ्या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणूही असू शकतात, म्हणून जखमेसाठीचा मेडिकल मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तो वेगळा मिळतो, डॉक्टरांना विचारून जरूर वापरा.

शेणाबद्दल मात्र मला राग येतो. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणातच असतात! नाळेवर शेण लावल्याने आपल्याकडे कितीतरी तान्ही बाळं धनुर्वाताने गेली, गरोदर बायकांना इंजेक्शनं देऊन, स्वच्छ बाळंतपणं करून २०१५ मध्ये कुठे भारत माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताच्या निर्मूलनापर्यंत पोचला, आणि आपण परत तेच शेण लावा म्हणून सांगतोय. जखम घाण असेल आणि शेवटचा डोस घेऊन ५ वर्षं झाली असतील तर इंजेक्शन घ्या. सरकारी दवाखान्यात मिळतं.

तूप. भाजल्यावर लगेच लावलं तर उष्णता आतच राहते. आधी २० मिनिटं नळाखाली धरा. सुश्रुताचं नाव पुढे करतात ना, त्याने जखमेसाठी ६० उपक्रम, म्हणजे उपचार, सांगितलेत, आणि त्यात जखम शुद्ध करणं आधी, भरून आणणं नंतर.

कुत्र्याची लाळ उघड्या जखमेला लागली तर डब्ल्यूएचओच्या हिशेबात ती रेबीजची तिसरी, म्हणजे सगळ्यात गंभीर कॅटेगरी. १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी लस आणि सीरम (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) घ्यायला जा.

राहिलं "साइड इफेक्ट नाही". डायबेटिस असलेल्या काकांच्या पायाला संवेदना कमी असते, दुखत नाही म्हणून ते आठवडाभर घरीच काहीबाही लावत बसतात आणि तोवर इन्फेक्शन हाडापर्यंत गेलेलं असतं. ग्रुपमध्ये अशा कोणाच्या पायाला जखम असेल तर मेसेज बाजूला ठेवा आणि आजच त्यांना दवाखान्यात घेऊन जा.