‘राजा देवच’ या संदेशाबाबत खुलासा
राजा हा देव असल्याने राज्यकर्त्यांना जाब विचारणे धर्मबाह्य आहे, असा संदेश मनुस्मृतीच्या आधाराने फिरत आहे. सातव्या अध्यायातील ८व्या श्लोकात राजाला नररूपातील महान देवता म्हटले आहे, हे खरे. परंतु त्याच अध्यायातील २८वा श्लोक, धर्मापासून ढळलेल्या राजाचाच दंडशक्ती बांधवांसह नाश करते, असे बजावतो आणि ४१वा श्लोक अविनयामुळे नष्ट झालेल्या वेन राजाचा दाखला देतो. आठव्या अध्यायात तर (श्लोक ३३६) सामान्य माणसाला जिथे एक कार्षापण (प्राचीन नाणे) दंड, तिथे राजाला हजार सांगितले आहेत. या ग्रंथातील वर्णभेद मला अजिबात मान्य नाही. तरीही मूळ संस्कृत श्लोक ताडून पाहिल्यावर हा अर्धवट आधार खोडणे आवश्यक वाटले. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.