कम्पॅटिबिलिटी मोडने १६-बिट सेटअप चालत नाही

विंडोज ९५च्या काळातले सीडीवरचे गेम आज कसे चालवायचे, यावरच्या लेखात ‘सेटअपच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी मोड म्हणून विंडोज ९५ निवडा, गेम चालेल’ असा सल्ला आहे. तो ६४-बिट विंडोजवर फसतो. त्या काळच्या कितीतरी सीडींवर गेम ३२-बिट, पण सेटअप १६-बिट असायचा. आणि १६-बिट प्रोग्रॅम चालवणारा विंडोजचा भाग, एनटीव्हीडीएम, ६४-बिट विंडोजमध्ये नाहीच, मग मोड बदलून तो येणार कुठून?

त्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) ३२-बिट विंडोज एक्सपी टाका, तिथे गेम इन्स्टॉल करा आणि अख्खा फोल्डर आपल्या मूळ विंडोजच्या सी ड्राइव्हवर वेगळा आणून ठेवा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको. सेव्ह फाइल्स तिथून भलतीकडेच, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये जातात. तरी गेम ‘इन्स्टॉल नाही’ म्हणाला, तर रजिस्ट्रीतली (विंडोज जिथे प्रोग्रॅमची सेटिंग्ज ठेवतं तिथली) त्याची नोंद, म्हणजे ‘की’, ‘लोकल मशीन’मधल्या थेट ‘सॉफ्टवेअर’खाली न टाकता त्यातल्या ‘वॉव६४३२नोड’खाली टाका. ३२-बिट गेम तिथेच बघतो, आणि नेमकं हेच राहून जातं.