जेट बदलण्याआधी कॉइलवर मीटर लावा

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचे पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि ताकदीची कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून ठिणगी देणारी) बसवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: ठिणगी मोठी तेवढी ताकद जास्त, प्लगचा गॅप बिनधास्त वाढवा, टायमिंगला (ठिणगी पडण्याच्या वेळेला) हात लावू नका. आणि एवढं करून गाडी मिसिंग करायला (मध्येच ठोके चुकवायला) लागली, तर ‘मोठ्या ठिणगीला पेट्रोल कमी पडतंय’, जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा तुकडा) मोठा टाका. या नादात चांगले कार्बोरेटर बिघडताना मी पाहतोय, म्हणून लिहितोय.

‘मोठ्या ठिणगीला पेट्रोल जास्त लागतं.’ साफ चूक. पेट्रोल किती लागणार हे इंजिन किती हवा ओढतं त्यावर ठरतं, आणि ठिणगीमुळे हवा वाढत नाही. मिसिंग करणाऱ्या सिलिंडरमध्ये आधीच पेट्रोल न जळता पडून असतं. मोठ्या जेटने तो प्लग आणखी ओला होतो.

‘४०,००० व्होल्टची कॉइल म्हणजे जादा ताकद.’ कॉइलचं व्होल्टेज ठिणगी गॅप ओलांडेपर्यंतच चढतं, पुढे नाही. साध्या चालीत बहुतेक गाड्यांचं काम याच्या निम्म्याहूनही कमी व्होल्टेजमध्ये भागतं. निरोगी इंजिनात मिश्रण एकदा पेटलं की जादा ठिणगीला काही काम उरत नाही. इलेक्ट्रॉनिकचा खरा फायदा वेगळा आहे आणि तो मला मान्यच आहे: झिजणारे पॉइंटच राहत नाहीत, त्यामुळे टायमिंग सरकत नाही.

पण कॉइलला पुरेसा करंट मिळतोय का, हे कुणी बघतच नाही. पॉइंटच्या बऱ्याच गाड्यांत कॉइलच्या वाटेवर बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारं व्होल्टेज कमी करणारा भाग) असतो. काहींत तो दिसतही नाही, कारण वायरच रेझिस्टन्सची असते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत नव्या मॉड्यूलची (पॉइंटच्या जागी आलेल्या इलेक्ट्रॉनिक भागाची) लाल वायर सरळ कॉइलच्या प्लसवर जोडलेली होती. इंजिन चालू ठेवून तिथे मीटर लावला तर ७.६ व्होल्ट, आणि बॅटरीवर १३.९. मॉड्यूल अर्धपोटी चालत होतं. त्याला इग्निशन स्विचवरून पूर्ण व्होल्टेजची वेगळी वायर दिली आणि मिसिंग तिथेच थांबलं. (तपासताना इंजिन बंद असेल तर चावी फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल आणि मॉड्यूल तापतात.) कॉइल बदलली असेल तर तिचा प्रायमरी ओहम (बॅटरीच्या बाजूच्या गुंडाळीचा रेझिस्टन्स) मॉड्यूलवाल्याने सांगितलेल्या आकड्याशी जुळतो का तेही बघा. कमी ओहमची कॉइल मॉड्यूल जाळू शकते. अर्थिंगची वायर रंगावर कसलेली असेल तर रंग खरवडा.

‘गॅप वाढवा.’ वाढलेला गॅप ओलांडायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि ते जुन्या डिस्ट्रिब्युटर कॅपमधून (प्लगच्या वायरी जिथे जोडतात त्या झाकणातून), वायरमधून जमेल तिथून निसटतं. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. प्लगच्या वायरींवर निळसर रेघा नाचताना दिसल्या तर चोर सापडला. कॅपच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली की कॅप बदलायचीच. पॉइंटच्या काळातला ०.६-०.७ मिमी गॅप सरसकट १.१ करणं हा जुगार आहे.

‘टायमिंगला हात लावू नका.’ सगळ्यांत जास्त नुकसान याने होतं. पॉइंट उघडण्याची वेळ आणि नव्या सेन्सरची वेळ एकच असेल असं नाही. टायमिंग मागे राहिलं तर गाडी ओढत नाही आणि तापते, फार पुढे गेलं तर चढावर खडखडते. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, टायमिंग लाइट (ठिणगीसोबत चमकणारा दिवा) लावा, इंजिनावरची टायमिंगची खूण गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणा. मग रेस वाढवत न्या: खूण सलग पुढे सरकली पाहिजे. ती उड्या मारत असेल किंवा मागे येत असेल, तर मॅग्नेटिक पिकअपच्या (चुंबकावर चालणाऱ्या सेन्सरच्या) दोन वायरी उलट जोडल्या गेल्यात का ते आधी तपासा.

त्या ७.६ व्होल्टच्या गाडीत मालकाने मोठा जेट आधीच टाकून घेतला होता. वायर दिल्यावर मी मूळ नंबरचा जेट परत बसवला. ओढ तशीच राहिली, आणि काळा धूर गेला.