दुधाची दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून द्यायची नसते

शाळकरी मुलांच्या दातांविषयीचा एक लांबलचक निरोप सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. दुधाचे दात पडणारच असल्याने त्यांवर खर्च करू नये, टूथपेस्टमधील फ्लोराइड विष असल्याने मुलांना दात घासायला कोळसा-मीठ द्यावे, गुळाने दात किडत नाहीत आणि रिंगणी या काटेरी रानझुडपाच्या बियांची धुरी दिल्यास दातांतील किडे गळून पडतात, असे त्यातील चार दावे आहेत. तो वाचून माझ्या बहिणीने सात वर्षांच्या भाच्याची दंतवैद्याकडील वेळ रद्द केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. दुधाचे पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरे. परंतु दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. कीड दाताच्या आतील मज्जातंतूपर्यंत पोहोचून मुळाशी पू झाला, तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो. याहून मोठी गफलत वेगळीच आहे. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नसल्याने अनेक पालक तिला दुधाचीच समजतात. तिच्या खोल खाचांत अन्न अडकते, मुलाचा ब्रश तिथवर नीट पोहोचत नाही आणि ती लवकर किडते. दंतवैद्य या खाचा सीलंटने, म्हणजे संरक्षक लेपाने, बुजवून देऊ शकतात; पण ‘पडेल आपोआप’ म्हणणाऱ्या घरात ती आयुष्यभराची दाढ हकनाक जाते.

फ्लोराइडविषयी अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे आणि त्याने दातांवर डाग पडतात, हाडेही बिघडतात. मात्र तो प्रश्न रोज पोटात जाणाऱ्या पाण्याचा आहे, थुंकून टाकायच्या वाटाण्याएवढ्या पेस्टचा नव्हे. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००३ मधील आढाव्यात ४२,००० हून अधिक मुलांवरील चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा फ्लोराइडयुक्त पेस्टने कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. कोळशाच्या भुकटीने मात्र दातांचे वरचे आवरण झिजते.

गुळाबद्दल फार लिहायला नको: तीही साखरच, शिवाय चिकट, तोंडातील जिवाणू तिचेही आम्लच करतात.

राहिली धुरी. धुरी देताना ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात दिसणारे पांढरे ‘किडे’ हे तापून फुटलेल्या बियांमधून बाहेर पडलेले गर्भ असतात. युरोपातही पूर्वी खुरासानी ओवा या विषारी वनस्पतीच्या बिया जाळून हाच खेळ चालत असे. समोर रोगी न बसवता नुसत्या बिया जाळून पाहाव्यात. ‘किडे’ तरीही पडतील.