जखमी माणसाची भरपाई म्हणजे दवाखान्याच्या बिलांची बेरीज नव्हे

अपघातात माणूस गेला, तर भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हलक्या आवाजात का होईना सांगतं, "क्लेम टाकायला विसरू नका." माणूस जखमी होऊन वाचला, तर मात्र सगळे म्हणतात, "जिवावरचं पायावर निभावलं, देवाचे आभार माना." आणि विषय तिथेच संपतो. पुढे तो माणूस वर्षभर घरी बसतो, कामावर परत जाऊ शकत नाही, घर कर्जात जातं, आणि तरीही त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्या हक्काचं तू मागितलंस का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली आणि 4,43,366 जखमी झाली. यातल्या काही लाखांच्या जखमा भरल्या असतील. पण ज्यांचा हात, पाय, डोळा किंवा डोकं पूर्वीसारखं राहिलं नाही, त्यांच्यासाठी ही पोस्ट लिहिते आहे. आणि त्यांच्या घरच्यांसाठी, कारण पहिले काही महिने धावपळ त्यांनाच करायची असते.

जखमी माणसाचा दावा म्हटला की आपण दवाखान्याची बिलं एका फायलीत लावतो, बेरीज करतो आणि तेवढे मिळाले तरी खूप असं समजतो. कायदा असं समजत नाही. उपचाराचा खर्च हा दाव्याचा फक्त एक भाग आहे. आजारपणात बुडालेली कमाई, पुढे आयुष्यभर कमी होणारी कमाई, पुढच्या शस्त्रक्रिया, सांभाळायला लागणारं माणूस, सोसलेल्या वेदना, आयुष्यातून गेलेल्या साध्या सुखांची किंमत, अविवाहित तरुण असेल तर लग्नावर होणारा परिणाम, हे सगळं मागता येतं. आणि ते एकदाच मागता येतं. निकाल लागल्यावर पाच वर्षांनी पायातला रॉड काढायचा खर्च आला, म्हणून त्याच अपघातासाठी पुन्हा दावा लावता येत नाही. म्हणून "पुढचं पुढे बघू" हे वाक्य या बाबतीत फार महागात पडतं.

माझा मावसभाऊ रंगकाम करतो. करायचा, असं म्हणायला हवं. मागून आलेल्या गाडीने उडवलं आणि घोट्याचा चुरा झाला. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, दादा चालायला लागला. प्रमाणपत्रावर पायाचं कायमचं अपंगत्व 18 टक्के लिहून आलं. धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीचा माणूस समजावणीच्या सुरात म्हणाला, "दादा, अठरा टक्केच आहे, तुम्ही तर चालता." वहिनीला ते पटलंही. पण रंगाऱ्याचं काम चालायचं नसतं. शिडीवर चढायचं, परांचीवर तासन्तास पाय रोवून उभं राहायचं, एका हातात डबा आणि दुसऱ्यात ब्रश धरून तोल सांभाळायचा. दादाचा घोटा आता वळतच नाही. त्याला कुठलाही ठेकेदार परांचीवर चढू देणार नाही, आणि चढू देऊही नये. मग त्याचं नुकसान अठरा टक्के कसं?

हा प्रश्न नवा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याचं उत्तर 2010 मध्येच राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात दिलेलं आहे. डॉक्टर सांगतो ते शरीराचं अपंगत्व. त्यातून कमाईची ताकद किती गेली, हे न्यायाधिकरणाने, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाने, त्या माणसाचा व्यवसाय बघून ठरवायचं. निकालातलं उदाहरण इतकं सरळ आहे की ते प्रत्येक जखमीच्या घरी माहीत असायला हवं: डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, तोच सरकारी कारकून असेल, तर नोकरी टिकू शकते. हाताची टक्केवारी दोघांची सारखीच. शिवाय एका पायाची टक्केवारी ही सगळ्या शरीराची टक्केवारी नसते, हाही मुद्दा त्याच निकालात आहे. तो बहुतेक वेळा जखमीच्या विरोधात वापरला जातो. समोरचा वकील म्हणतो, पायाचे अठरा म्हणजे शरीराचे नऊच. त्याला उत्तर द्यायचं तर आपल्या बाजूने कामाचा पुरावा लागतो.

आकडे मांडून बघा, म्हणजे फरक कळेल. समजा वय 34, स्वतःचा धंदा, महिन्याची कमाई 20,000 रुपये. वर्षाचे झाले 2,40,000. चाळिशीच्या आतल्या, पक्की नोकरी नसलेल्या माणसासाठी भविष्यातल्या उत्पन्नवाढीचे 40 टक्के त्यात मिळवायचे, हे 2017 च्या प्रणय सेठी निकालाने ठरलं. झाले 3,36,000. आता गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम किती पट धरायची तो वयावरून ठरणारा आकडा: 31 ते 35 वयोगटासाठी तो 16, हा तक्ता 2009 च्या सरला वर्मा निकालातला. गुणाकार 53,76,000. आता कमाईचं नुकसान 18 टक्के धरलं तर 9,67,680 रुपये. तेच 60 टक्के धरलं तर 32,25,600. बिलं तीच, जखम तीच, प्रमाणपत्र तेच. फरक पडतो तो "हा माणूस पोटासाठी नक्की काय करत होता" या एका गोष्टीच्या पुराव्याने.

उत्पन्नवाढीचे ते 40 टक्के फक्त मृत्यूच्या दाव्यात मिळतात, जखमीला नाही, असं सांगणारेही भेटतील. ऐकू नका. 2020 च्या पप्पू देव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जखमींनाही ते लागू आहेत असं स्पष्ट सांगितलं. तिथला अर्जदार टायपिंगचं काम करणारा तरुण होता, हात गमावलेला. उच्च न्यायालयाने त्याचं नुकसान 45 टक्के धरलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते 65 वर नेलं.

पुरावा म्हटला की हातावर पोट असलेली माणसं खचतात. पगारपत्रक नाही, आयकराचं विवरणपत्र नाही, मग काय दाखवायचं? पण हा फौजदारी खटला नाही. संशयाला जागाच उरू नये इतका काटेकोर पुरावा इथे लागत नाही. कुठली बाजू अधिक संभवनीय, एवढं पाहिलं जातं. ठेकेदाराची हजेरीवही, मोबाइलवर जमा झालेल्या पैशांच्या नोंदी, बँकेचं पासबुक, कामाच्या जागेवरचे फोटो, बरोबर काम करणाऱ्यांची साक्ष, यातलं काहीही उपयोगी पडतं. आमच्या दादाच्या ठेकेदाराने साक्षीला यायचं कबूल केलं, आणि ज्या दिवशी त्याने शपथेवर सांगितलं की घोटा न वळणाऱ्या माणसाला मी शिडीवर चढवणार नाही, त्या दिवशी प्रकरणाचा नूर बदलला. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांनाही साक्षीला बोलवा. नुसता कागद लावून भागत नाही. कुठली हालचाल होत नाही आणि पुढे कुठली शस्त्रक्रिया लागेल, हे त्यांच्या तोंडून नोंदीवर यायला हवं.

घर सांभाळणाऱ्या बाईच्या बाबतीत तर अन्याय घरातूनच सुरू होतो. "ती कुठे कमावते?" असं म्हणून नवराच तिचा दावा लहान करून टाकतो. 2021 च्या कीर्ती निकालात न्यायालयाने 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेतला: बिनपगारी घरकामात बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि पुरुष 97. त्या श्रमाला उत्पन्न मानायचं, ही मेहेरबानी नाही, असा त्या निकालाचा सूर आहे. ते प्रकरण मृत्यूचं होतं, पण तत्त्व तेच. मनगट निकामी झालेली बाई पूर्वीसारखं घर ओढू शकत नाही, मग तिचं नुकसान शून्य कसं धरायचं? अर्जात "गृहिणी" एवढंच लिहून थांबू नका. ती काय काय करायची ते लिहा.

आणि सांभाळणारं माणूस. मेंदूला मार लागलेला, अंथरुणाला खिळलेला माणूस आई किंवा बायको रात्रंदिवस सांभाळते आणि त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. काजल विरुद्ध जगदीश चंद या 2020 च्या प्रकरणातली मुलगी अपघाताच्या वेळी 12 वर्षांची होती, अपंगत्व शंभर टक्के. तिच्यासाठी एक माणूस पुरणार नाही, दोन लागतील असं मानून त्यांचा खर्च न्यायालयाने 18 च्या गुणकाने काढला. घरातली बाई करते म्हणून ते काम फुकट होत नाही. हे मला फार मनापासून सांगायचं आहे.

आता तडजोडीबद्दल. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 164 नवीन आलं. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. ज्याची दुखापत पूर्ण बरी होणार आहे, किंवा चूक कुणाची याबद्दल वाद आहे, त्याला ही सोय चांगली आहे. पण हे पैसे ठरलेल्या पद्धतीने स्वीकारले की कलम 166 खालचा, म्हणजे चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायचा, तुमचा मोठा दावा संपतो, असं कायद्यातच लिहिलं आहे. घरात पैशांची चणचण असताना अडीच लाख फार मोठे वाटतात. वर मांडलेला हिशेब एकदा करून पाहा आणि मगच सही करा. लोकअदालतीतल्या निवाड्याचंही तसंच आहे. तिथे मिटलं की अपील नाही. तडजोड वाईट असते असं मी अजिबात म्हणत नाही. बरी झालेली जखम आणि रास्त रक्कम असेल तर जरूर मिटवा, वर्षं वाचतात. पण उपचार चालू असताना, अपंगत्व किती राहणार हे कळायच्या आत मिटवू नका.

ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती म्हणजे मुदत. 1994 च्या दुरुस्तीने दावा दाखल करायची कालमर्यादा काढून टाकली होती. 1 एप्रिल 2022 पासून ती परत आली: अपघातापासून सहा महिने. सहा महिन्यांत गंभीर जखमी माणूस कुठे असतो? दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनच्या रांगेत असतो. मुदतीचं हे कलम ज्याने लिहिलं, त्याच्या डोळ्यांसमोर जखमी माणूस नसावा. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणीही थांबू नये. अपंगत्वाचा दाखला नंतर देता येतो. अर्ज मात्र सहा महिन्यांच्या आत जायलाच हवा.

दुसरीकडे कायद्याने पोलिसांवर एक चांगली जबाबदारी टाकली आहे, ती लोकांना माहीत नाही. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि न्यायाधिकरणाने त्यालाच दाव्याचा अर्ज मानायचा असतो. पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, अहवाल गेला का, त्यात दुखापत नीट नोंदवली आहे का. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचं आरसी आणि विमा पॉलिसी यांच्या नकला तिथेच मिळवा. दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात लावला पाहिजे असंही नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. मोडक्या पायाने परगावी तारखांना जायची गरज नाही.

दुचाकीवर तिघं बसले होते म्हणून निम्मे पैसे कापा, असा युक्तिवाद हमखास होतो. तिघं बसणं हा नियमभंग आहेच, पण त्यामुळेच अपघात झाला किंवा दुखापत वाढली हे दाखवल्याशिवाय त्यावरून भरपाई कापता येत नाही, असं मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात 2020 मध्ये ठरलं आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेतून गंभीर दुखापतीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण तीही कित्येक जण मागत नाहीत. तसंच मे 2025 पासून अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाची. दाखल करतानाच दवाखान्यात तिचं नाव घ्या.

शेवटी वकिलांबद्दल, कारण इथे लोक सगळ्यात जास्त गप्प बसतात. दवाखान्याच्या दारातच कुणीतरी गाठतो, "एक पैसा देऊ नका, मिळतील त्यातले इतके टक्के आमचे." बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. चांगले, कष्टाळू वकील भरपूर आहेत. फी आधी ठरवून घ्या, कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सह्या करू नका. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि अपघाताने कायमचं अपंगत्व आलेल्या माणसानेही तिथे त्या आधारावर अर्ज करावा. जाताना एफआयआरची नकल, डिस्चार्ज कार्ड, आधार कार्ड आणि कामाचा जो काही पुरावा हाती असेल तो बरोबर न्या. जखमी माणूस उठू शकत नसेल तर घरातल्या कुणीही जाऊन चौकशी करावी, आणि ती दवाखान्यातून सुट्टी मिळायची वाट न बघता करावी.